अंडाकृती, नऊ बाय बारा

याकुत्स्कच्या थंडीतून कॅमेरा आत आणायचा
तर पिशवीत घालून, तोंड बांधून,
तासभर दाराशीच ठेवायचा.
घाई केलीत तर लेन्सला घाम फुटतो
आतल्या बाजूने, जिथं फडकं पोचत नाही.
हे बाबांनी मला अक्षरांच्या आधी शिकवलं.

दुकान बाजाराच्या मागे, खांबांवर उभं,
कारण इथली जमीन खाली कायमची गोठलेली
आणि वर लहरी.
पासपोर्टचे फोटो चार मिनिटांत:
पापण्यांवरचा बर्फ वितळू द्या,
हनुवटी सरळ, दात दाखवू नका.
आणि मागच्या खोलीत भट्टी,
थडग्यावर लावायच्या चकत्यांची.
आठशे अंशांवर भाजलेला चेहरा
मग पन्नास हिवाळे उडत नाही.

लग्नं, बारशी, पहिला दात,
सगळं फोन घेऊन गेले.
आम्हाला गिऱ्हाइकं उरली दोन,
सरकार आणि मरण.
दोघांनाही समोरून काढलेला चेहरा लागतो.

फेव्रोन्या गाव्रीलयेव्हना आली ती उणे सत्तेचाळीसला.
नवऱ्याचा, स्पिरिदोनचा, फोटो हवा होता.
अख्ख्या गावाला वळसा घालून झाला होता,
कुणाकडे नाही, पुतण्याच्या लग्नातही
तो घोडे बांधायला बाहेर गेलेला.
होता फक्त त्याचा फोन,
कोटाच्या खिशात, गोठ्यात टांगलेल्या.
"हाही गेला," म्हणाली, आणि टेबलावर ठेवला
दगड ठेवावा तसा.

मी तो पिशवीत गुंडाळला, काखेत धरला.
पुढचे दोन पासपोर्ट एका हातानेच काढले.
बॅटरी थंडीत मरत नाही.
तिच्यातली वाट फक्त घट्ट होते,
मधासारखी.
चाळीस मिनिटांनी काखेत काहीतरी थरथरलं.
एक्केचाळीस टक्के.
कोड तिला माहीत होता: घोडीचं जन्मवर्ष.

तीनशे बारा फोटो.
विजेचा मीटर. नदीच्या बर्फात खुपसलेली पट्टी.
औषधाच्या बाटलीवरची तारीख.
घोडी, घोडीचा खूर, पुन्हा तोच खूर, जवळून.
अंगठा.
अंगठा.
कुंपणाची मोडलेली फळी, बहुधा सुताराला दाखवायला.
माणूस कुठेच नाही.

दोनशे सत्तर की एकाहत्तरावर ती म्हणाली, "थांब."
मार्चचं कललेलं ऊन, कोरा बर्फ,
आणि त्यावर लांबच लांब सावली:
कानटोपीचे सुटलेले दोन कान,
फोन धरलेला म्हणून वाकलेलं कोपर,
शेजारी घोडीची मान, त्याच्या खांद्यात मिसळलेली.

"हाच."
मी म्हटलं, आजी, यात चेहरा नाही.
"चेहरा कुणी बघितलाय?
बेचाळीस वर्षं तो पुढे चालायचा."

मग तिने घासाघीस केली.
डोळे नाहीत, सुरकुत्या नाहीत,
तुला पुसापुशी करायची नाही,
मग पूर्ण पैसे कसले?
मी सांगितलं, दर आकाराचा असतो, माणसाचा नाही.
शेवटी दोनशे रूबल सोडले.
बाबांनी सोडले नसते.

खरं तर सावली भाजायला सोपी. काळं टिकतं.
अवघड गेला तो बर्फ:
पांढऱ्याला रंग लावायचा नसतो,
खालची मुलामा दिलेली चकतीच उघडी ठेवायची असते,
आणि मी तीनदा चुकले.
तिसऱ्यांदा घोडीच्या कानाला तडा गेला, तो तसाच आहे.

जाताना तिने फोन कोटात नाही ठेवला,
झग्याच्या आत सरकवला, कातडीला लागून.
अडतीस टक्के होते.

दगड जूनमध्ये बसेल, जमीन जरा सैल झाल्यावर.
तोवर चकती फळीवर, इतरांच्या रांगेत.
ते सगळे माझ्याकडे बघतात, न हसता.
फडकं मारत मारत मी त्याच्यापाशी येते
तेव्हा तो ज्या जागी उभा होता
तिथं मी असते,
आणि सावली माझ्या बुटांपासून निघते,
टोपीचे कान सोडून.